कोंबडीचा डोळा : इजा कोणती, रोग कोणता?

उधना स्थानकावरून सुटणारी ताप्ती मार्गावरील गाडी बारडोली, व्यारा, सोनगड ही गावे मागे टाकून नवापूरला येते. नवापूरचे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे, आणि फलाटावरील एका बाकाच्या मधोमध दोन राज्यांची सीमा आखलेली आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी कौतुकाने पाहिले असेल. या गाडीने नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे गेल्या अनेक वर्षांत सुरतेच्या आसपास रोजगारासाठी गेली. माणसांबरोबर भांडीकुंडी गेली, आखाजीची गाणी गेली, आणि डालग्यात घालून कोंबड्याही गेल्या.

सुरतेच्या दक्षिणेस मुंबईच्या लोहमार्गावर सचिन हे गाव आहे. मराठी वाचकास हे नाव ऐकताच क्रिकेटचे मैदान आठवते. परंतु या गावाचा महाराष्ट्राशी संबंध त्याहून पुष्कळ जुना आहे. जंजिऱ्याच्या गादीवरील आपला हक्क पेशव्यांकडे सोडून सिद्दी घराण्यातील एका वारसाने १७९१ साली त्याच्या मोबदल्यात हा मुलूख पत्करला व सचिन संस्थान अस्तित्वात आले. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. कापडाच्या व रंगाईच्या कारखान्यांत राबणारी खानदेशी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात व खोलीमागील बोळात चार-सहा कोंबड्या पाळतात.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका बोळात उभे राहण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास आला. सोबत पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक पशुवैद्य होते. नवापूर तालुक्यातून आलेल्या एका बाईंच्या सहा कोंबड्यांपैकी एकीचा उजवा डोळा मिटलेला होता, पापणीच्या कडेस ओलसर चिकटा साचला होता. बाईंनी शेजारणीच्या सल्ल्याने बाळंतिणीच्या दुधाचा थेंब घालून पाहिला होता. दुसऱ्या एकाने चुना-हळद सुचविली होती. ती सुदैवाने अद्याप घातलेली नव्हती. आम्हांस पाहताच त्यांनी विचारले, "साहेब, हिचा डोळा गेला तर ही अंडी देईल का?"

प्रश्न साधा होता. मात्र त्यामागे घरातील एका स्वतंत्र मिळकतीची काळजी होती. नवरा कारखान्यातून आणतो तो पगार भाड्यात व किराण्यात जातो. अंड्यांचे पैसे बाईंच्या हाती राहतात व मुलांच्या वह्या-पेन्सिलींना उपयोगी पडतात.

निवृत्त डॉक्टरांनी कोंबडीला हातही न लावता प्रथम दोन प्रश्न विचारले. एकच डोळा की दोन्ही? एकच कोंबडी की आणखी कोणी? या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर पुढील सर्व उपचार अवलंबून असतो, म्हणूनच हा लेख लिहिण्याचे योजिले. एका कोंबडीचा एकच डोळा बिघडला असेल तर बहुधा ती इजा असते व घरच्या घरी बरेच काही करता येते. दोन्ही डोळे बिघडले, किंवा चार कोंबड्यांचे डोळे एकाच आठवड्यात आले, तर कारण खुराड्यात, खाद्यात किंवा रोगात शोधले पाहिजे. तेथे डोळ्यात थेंब घालीत बसणे म्हणजे वेळ दवडणे होय.

डोळा पाहावा कसा

कोंबडीच्या डोळ्याला वरची व खालची अशा दोन पापण्या असतातच. त्याखेरीज चोचीकडील कोपऱ्यातून आडवी सरकणारी तिसरी, पातळ पापणी असते. ती क्षणभर डोळ्यावरून फिरून धूळ पुसून नेते. आजारी कोंबडीत ही पापणी अर्धवट पुढे आलेली दिसते, आणि पाहणारा समजतो की डोळ्यात फूल पडले. फूल व पापणी यांतील फरक ओळखणे सोपे आहे. पापणी हलते, फूल हलत नाही.

तपासताना कोंबडीला जुन्या पंच्यात सैलसर गुंडाळून मांडीवर घ्यावे. छाती आवळू नये. माणसाप्रमाणे तिला श्वासाचा पडदा नसतो. छातीचे हाड वर-खाली होऊनच तिचा श्वास चालतो, त्यामुळे घट्ट धरलेली कोंबडी आपल्या हातात गुदमरू शकते. निरोगी डोळ्याशी रोगी डोळा ताडून पाहावा : बुबुळ चकचकीत आहे की धुरकट, बाहुली गोल आहे की वेडीवाकडी, पाणी पातळ आहे की फेसाळ, की दह्यासारखा घट्ट पांढरा गोळा आहे. नाकपुड्या व तोंडाचा आतला भागही त्याच वेळी पाहून घ्यावा. एवढे पाहून मग दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांचे अर्धे काम झालेले असते.

इजा

कोंबड्यांच्या डोळ्यास होणाऱ्या इजा बहुतेक आपसांतील चोचीच्या माराने होतात. नवी कोंबडी कळपात सोडली, जागा अपुरी पडली, किंवा पाणी-दाण्याची एकच थाळी ठेवली की भांडण जुंपते. कोंबड्याच्या पायाच्या नखराने होणारी जखम अधिक खोल असते. त्याखेरीज खुराड्याच्या जाळीचे तुटलेले टोक, बाभळीचा काटा, बाजरीचे कूस, भाताचे तूस. सचिनच्या त्या कोंबडीच्या डोळ्यात तूसच निघाले. बाईंनी खुराड्यात अंथरण्यासाठी जवळच्या गिरणीतून ते आणले होते, आणि त्यातील एक टोकदार कण तिसऱ्या पापणीखाली अडकून प्रत्येक उघडझापेस बुबुळावर घासत होता.

उपाय फार अवघड नाही. एक लिटर पाणी चांगले उकळून कोमट होऊ द्यावे व त्यात चहाचे सपाट दीड चमचे, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम, मीठ विरघळवावे. या पाण्यात स्वच्छ कापूस भिजवून प्रथम पापणीवरील चिकटा मऊ करावा. कोरडा चिकटा ओढून काढू नये. नंतर चोचीकडील कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने पाण्याची धार सोडावी. सुई काढलेली नवी सिरिंज या कामी उत्तम. कण दिसला तर ओल्या कापसाच्या टोकाने अलगद टिपून घ्यावा. कण रुतलेला असेल, किंवा बुबुळातून काटा आरपार गेला असेल, तर त्यास हात न लावता कोंबडी डॉक्टरांकडे न्यावी. धुण्याचे हे काम दिवसातून दोन-तीन वेळा, दर खेपेस ताज्या पाण्याने करावे.

चुना डोळ्यात कदापि घालू नये. तो दाहक असतो व काही क्षणांत बुबुळ जाळतो. हळद, मिरी, तुरटीचा खडा, राख यांपासूनही डोळ्यास लाभ नाही. दुधाच्या थेंबाने अपाय झाला नाही तरी उपायही होत नाही, आणि साखरट ओलाव्यावर माशा मात्र जमतात.

याहून मोठा धोका सुशिक्षित घरांत आढळतो, आणि शिक्षक व कर्मचारी वाचकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. घरातील कोणाचे डोळे आले असता आणलेली, अर्धी उरलेली बाटली आपण कोंबडीसाठी काढतो. अशा अनेक बाटल्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉइड असते. त्याने लाली लवकर ओसरते व डोळा सुधारल्यासारखा वाटतो. परंतु बुबुळावर जखम असल्यास ती भरून येत नाही, उलट खोल जाऊन डोळा फुटण्यापर्यंत मजल जाते. बुबुळावर जखम आहे की नाही हे डॉक्टर रंगाचा एक थेंब घालून पाहतात. जखमेची जागा हिरवी उमटते. तसेच घरोघरी आढळणाऱ्या क्लोरॅम्फेनिकॉलच्या मलमाच्या कॅप्सूल कोंबड्यांना वापरू नयेत. ज्यांचे मांस वा अंडी माणूस खातो अशा पशुपक्ष्यांत या औषधाच्या वापरास आपल्या देशात मनाई आहे. डॉक्टरांनी दुसरे मलम दिल्यास ते किती दिवस लावायचे, आणि त्या काळात व त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे दोन्ही विचारून घ्यावे. दुसरा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही.

जखमी कोंबडीस वेगळे ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे. रक्ताचा लाल ठिपका दिसला की इतर कोंबड्या तेथेच टोचतात, आणि सकाळी किरकोळ असलेली जखम सायंकाळी डोळ्यावर बेतते. डालगे किंवा भाजीची प्लॅस्टिकची जाळीदार पेटी सावलीत, वारा लागेल पण धूर लागणार नाही अशा जागी ठेवावी. ती इतर कोंबड्यांच्या नजरेसमोर असावी. फार दिवस नजरेआड राहिलेली कोंबडी परत आली की कळप तिला परकी समजून झोडपतो. पाणी व दाणे उथळ वाटीत, चांगल्या डोळ्याच्या बाजूस ठेवावेत. कोंबडीला दिसत नसले की ती भरल्या वाटीशेजारी उपाशी बसते, व मालक समजतो की आजारामुळे तिची भूक गेली.

दोन्ही डोळे मिटत असतील तर

पावसाळ्यात खुराड्यावर ताडपत्री टाकली जाते, फटी बुजविल्या जातात, आतील भुसा व विष्ठा ओली राहते. त्यातून अमोनिया वायू सुटतो. तो डोळ्यांस झोंबतो. कोंबड्या डोळे मिटून बसतात, पंखावर तोंड घासतात, आणि हे दिवसेंदिवस चालले तर बुबुळ धुरकट होते. परीक्षा करण्यास कोणतेही यंत्र नको. पहाटे खुराडे उघडण्यापूर्वी त्याच्या दाराशी खाली बसून नाक आत घालावे. आपल्या नाकाला झोंबले तर रात्रभर त्यातच कोंडलेल्या जिवाच्या डोळ्यांचे काय झाले असेल, हे समजेल. ओले अंथरूण काढून कोरडे घालणे व वरच्या बाजूस हवा जाण्यास फट ठेवणे, एवढ्यानेच पुष्कळ कोंबड्या बऱ्या होतात.

दुसरे कारण खाद्यातले. गावाकडे मोकळी हिंडणारी कोंबडी पाला, किडे, कोवळे गवत टिपते व आपले पोषण आपणच सांभाळते. सचिनसारख्या ठिकाणी बोळ सिमेंटचा, अंगणास गवताचे पाते नाही. कोंबडीस मिळतो तो उरलेला भात, तुकडा तांदूळ व शिळा पाव. अशा खाद्यात ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. प्रथम डोळ्यांतून पाणी येते, पुढे पापण्या चिकटतात व त्यांखाली दह्याच्या गोळ्यासारखा पांढरा पदार्थ साचतो. घशात बारीक पांढऱ्या पुटकुळ्या दिसतात. मेथी, राजगिरा, शेवग्याचा पाला, लसूणघास, पिवळा मका यांनी हे टळते. भाजीवाल्याच्या गाडीखाली पडलेला मेथी-कोथिंबिरीचा पाला रोज मूठभर आणून धुऊन घातला, तरी चार-सहा कोंबड्यांचे भागते. डोळ्यातील गोळा मात्र डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

देवी

पाऊस सरता सरता डास वाढतात व कोंबड्यांस देवी येतात. तुरा, चोचीखालच्या लाल लोळ्या व पापण्या यांवर प्रथम बारीक फोड, मग मस्सासारख्या काळपट खपल्या येतात. (या देवीचा माणसांच्या देवीशी संबंध नाही, ती माणसास होत नाही.) पापणीवर खपली धरली की डोळा बंद होतो. रोग विषाणूचा असल्याने त्यावर थेट औषध नाही. कोरड्या प्रकारची देवी साधारण तीन-चार आठवड्यांत आपोआप ओसरते. तोवर कोंबडी जगविणे हेच काम. मिठाच्या कोमट पाण्याने खपल्या मऊ ठेवाव्यात. त्या उपटू नयेत, उपटल्यास रक्त येते व पापणी कायमची आकसते. दोन्ही डोळे बंद असल्यास ओलसर पिठाच्या लहान गोळ्या हाताने भरवाव्यात व चोच पाण्यात बुडवून पाणी पाजावे. गळून पडलेल्या खपल्या गोळा करून जाळाव्यात, कारण त्यांतील विषाणू अनेक महिने टिकून राहतो. तोंडात व घशात पिवळट चकते दिसले आणि श्वास घेताना आवाज येऊ लागला, तर तो घातक प्रकार समजून तातडीने दवाखाना गाठावा.

सर्दीच्या रोगात चेहरा एका किंवा दोन्ही बाजूंनी सुजतो, नाकातून दुर्गंधीयुक्त स्राव येतो, डोळ्याच्या कोपऱ्यात कधी फेसाचे बुडबुडे दिसतात. यावर डॉक्टर प्रतिजैविके देतात. परंतु बरी झालेली कोंबडीही पुढे रोगाची वाहक राहू शकते, म्हणून ती दुसऱ्याच्या कळपात देऊ नये. उष्ण व दमट प्रदेशात तिसऱ्या पापणीखाली दोऱ्यासारखे बारीक पांढरे कृमी आढळतात. त्यांची पिल्ले झुरळाच्या शरीरात वाढतात आणि ते झुरळ कोंबडीने खाल्ले की डोळ्यापर्यंत पोहोचतात. गटारालगतच्या खुराड्यांत हे लक्षात ठेवावे. डोळ्याचा नारिंगी रंग जाऊन तो राखाडी झाला व बाहुली वेडीवाकडी दिसू लागली, तर तो मॅरेक्सचा रोग असण्याचा संभव असतो. त्यावर उपचार नाही.

जेथे घरगुती उपाय थांबवावा

राणीखेत, ज्यास आपल्याकडे मानमोडी म्हणतात, त्यातही पापण्या सुजतात व डोळ्यांतून पाणी येते. सोबत हिरवट हगवण, लकवा, मान पिळवटणे ही लक्षणे असतात व एकामागून एक कोंबड्या मरतात. हा विषाणू हाताळणाऱ्या माणसाच्याही डोळ्यास लागून डोळे येऊ शकतात, म्हणून आजारी कोंबडीस हात लावल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत.

डोळ्यांभोवती व डोक्यावर सूज, तुरा व लोळ्या निळसर, पायांवर लाल-जांभळे डाग आणि एक-दोन दिवसांत अनेक कोंबड्यांचा मृत्यू, असे दिसले तर बर्ड फ्लूची शंका घेतलीच पाहिजे. नवापूरकरांस हे सांगण्याची आवश्यकता नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील पाळीव कोंबड्यांत हा रोग प्रथम आढळला तो नवापूर येथे; त्याच सुमारास सीमेपलीकडील उच्छल तालुक्यातही तो सापडला. लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ च्या आरंभी नवापुरात तो पुन्हा आला. दोन्ही वेळी मोठ्या कुक्कुटगृहांची चर्चा वृत्तपत्रांतून झाली. परंतु बाधित परिसरातील परसबागेतील कोंबडीही या कारवाईतून सुटत नाही, ही गोष्ट कमी लोकांच्या ध्यानात राहिली.

राणीखेत असो वा बर्ड फ्लू, दोन्हींतील फरक डोळा पाहून सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जावा लागतो. म्हणून अशा वेळी मेलेली कोंबडी कापू नये, खाऊ नये, नाल्यात वा खाडीत फेकू नये. उरलेल्या विकू नयेत. पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. प्राण्यांतील संक्रामक व सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधासंबंधीच्या २००९ च्या अधिनियमान्वये अशी खबर देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. खबर दिली तर सरकार सगळ्याच कोंबड्या नेईल, या भीतीने ती लपविली जाते. हा हिशोब उलटा आहे. शासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांचा मोबदला मिळतो. आपोआप मेलेल्या पक्ष्यांचा मिळत नाही. जितका उशीर, तितकी हानी मालकाचीच.

लस

राणीखेतची पहिली लस पिल्लास पाच ते सात दिवसांचे असताना डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब घालून देतात. ज्या डोळ्यावाटे रोग दिसतो त्याच वाटेने संरक्षणही देता येते, हे पाहून प्रस्तुत लेखकासारख्या कलाशाखेच्या पदवीधरास मोठे नवल वाटले. पुढील मात्रा सहा ते आठ आठवड्यांनी टोचून देतात. देवीची लस त्याच सुमारास पंखाच्या पातळ पडद्यात टोचतात. महाराष्ट्रात या लसी पुण्यातील औंध येथील पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होतात.

अडचण निराळीच आहे. लसीची एक कुपी शंभर वा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते व फोडल्यावर तासा-दोन तासांत संपवावी लागते. सहा कोंबड्यांसाठी ती कोणी फोडत नाही, आणि फोडू म्हटले तर परवडत नाही. यासाठी पाड्यातील किंवा चाळीतील सर्वांनी एक दिवस ठरवून एकत्र यावयास हवे. संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की त्यांची गणना करून सकाळी सोडण्यापूर्वी लस घ्यावी. ही गणना शाळेतील मुले उत्तम करतात. शिक्षकांनी एका रविवारी मुलांकडून घरोघरच्या कोंबड्यांची यादी करवून दवाखान्यास दिली, तर पशुधन पर्यवेक्षकाची फेरी फुकट जाणार नाही.

सचिनच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे राहिले. डोळा गेला तरी कोंबडी अंडी देते. अंड्यासाठी तिला दिवसाच्या उजेडाची जाणीव लागते, आणि ही जाणीव केवळ डोळ्यांतून होत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश तिच्या मेंदूतील एका भागास थेट कळतो. त्यामुळे पूर्ण आंधळी कोंबडीही, दाणापाणी ठरल्या जागी मिळाले तर, अंडी घालीत राहते. एका डोळ्याची कोंबडी तर बहुतेक सर्व कामे पूर्ववत करते. फक्त अंध बाजूने अचानक हात घातल्यास दचकते. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा बाईंनी कोंबडीकडे, आणि मग आमच्याकडे, जरा अविश्वासानेच पाहिले.

तो डोळा गेला नाही. तूस निघाल्यानंतर धुण्याने व दवाखान्यातील मलमाने आठ-दहा दिवसांत तो उघडला; बुबुळावर मोहरीएवढा पांढरा ठिपका तेवढा राहिला. तुसाऐवजी खुराड्यात आता कोरडी माती व कापडाच्या चिंध्या अंथरल्या जातात. त्या महिन्यात गावी लग्न होते व एक कोंबडी आहेरादाखल न्यावयाची होती. बाईंनी फोन करून विचारले की शेजारच्या खोलीतील दोन कोंबड्यांचे चेहरे सुजले आहेत, तर आपली चांगली दिसणारी नेली तर चालेल काय? नेऊ नये, असे डॉक्टरांनी सांगितले. बाई उधन्याहून रिकाम्या डालग्याने गाडीत बसल्या आणि कोंबडीचे पैसे त्यांनी नवापुरात पाकिटात घालून दिले.